बोकडाला व्हिटॅमिन पाजलं म्हणजे मटण मऊ होतं का?

प्रश्न विचारणारे भाऊ कागल तालुक्यातले. बंदिस्त गोठ्यात ४० उस्मानाबादी बोकड, धंद्याला दोन वर्षं झालेली. माल कोल्हापुरातला खाटीक उचलतो, पण गेल्या दोन खेपांना त्यानं तोंड वाकडं केलंय. मटण वातड निघतंय, उग्र वास मारतोय आणि काळपट दिसतंय, म्हणून गिऱ्हाईक परत फिरतंय. औषधाच्या दुकानात त्यांच्या हातात 'ए डी३ ई' या तीन व्हिटॅमिनांची बाटली ठेवली गेली. शेवटचे पंधरा दिवस पाजा, मटणाला चव येते, असं सांगून. आता भाऊंचा सवाल असा की पाजू का, पाजलं तर किती, आणि यातलं नेमकं कुठलं व्हिटॅमिन मटणाला लागू पडतं?

भाऊ, तुमच्या तीन तक्रारींपैकी वातडपणा आणि वास या दोन बाटलीनं जाणार नाहीत. तिसरी, म्हणजे काळपट रंगाची, कदाचित जाईल, कदाचित नाही. ते कशावर ठरतं, हे समजून घेतलंत तर बाटलीचे पैसे वाचतील किंवा निदान योग्य जागी लागतील.

आधी माझी कबुली. मी जनावरांचा डॉक्टर, पंचवीसेक वर्षं याच जिल्ह्यात शेळ्यामेंढ्या बघतोय. सुरुवातीच्या काळात मीसुद्धा हेच सांगायचो. आषाढात त्र्यंबोलीच्या यात्रेच्या आधी बोकडांना मागणी वाढायची, तेव्हा दीड-दोन महिने अगोदर गोठ्यावर जाऊन सगळ्यांना ए डी३ ई टोचून यायचो. मालक खूश. 'डॉक्टर, तुमच्या इंजेक्शननं बोकड भरलं बघा.' मीही कॉलर ताठ करायचो. बऱ्याच वर्षांनी डोक्यात प्रकाश पडला की त्याच दिवशी मी जंताचं औषधही पाजत होतो. पोटातले जंत गेले, खाल्लेलं अंगी लागलं, बोकड भरलं, आणि श्रेय मात्र पिवळ्या तेलकट इंजेक्शनला मिळालं. आजही निम्म्या गोठ्यांवर व्हिटॅमिनची जी कीर्ती आहे, ती अशीच दुसऱ्याच्या कमाईवर उभी आहे.

मुळात व्हिटॅमिन म्हणजे मसाला नव्हे, जास्त घातला तर जास्त चव यायला. कमतरतेचा खड्डा असेल तर तो ते बुजवतं. खड्डा बुजला की पुढचं बहुतेक सगळं लघवीवाटे जातं किंवा कलेजीत साठत बसतं. याला मांसाच्या बाबतीत एकच मोठा अपवाद आहे, ई. त्याच्याकडे येतोच.

शेळीमेंढीला खड्डा पडतो कुठे ते बघा. बी गटातली सगळी व्हिटॅमिनं आणि के तिच्या पोटातले सूक्ष्मजीवच तयार करतात, सी तिचं यकृत करतं, डी उन्हात चामडीत तयार होतं. म्हणजे चाऱ्यातून यायलाच हवीत अशी दोन उरली, ए आणि ई. तुमच्या बोकडांना पत्र्याच्या शेडबाहेर ऊनच मिळत नसेल तर डी तिसरं धरा, पण त्यावर बाटलीपेक्षा शेडलगत एक उघडं अंगण काढणं जास्त शहाणपणाचं.

बी ची एक गोष्ट सांगतो, आपल्या भागात वारंवार दिसते म्हणून. गुऱ्हाळाच्या हंगामात एका गोठ्यावर मळी भरपूर आणि फुकटात मिळत होती. मालकानं चारा कमी करून मळी वाढवली, बोकड आवडीनं चाटायची. आठवड्याभरात दोन बोकड मान मागे टाकून आभाळाकडे बघत उभी, एक भिंतीला डोकं लावून. गोड आणि पिठूळ खाद्य एकदम वाढलं की पोटातलं सूक्ष्मजीवांचं गणित बिघडतं, बी१ तयार होण्याऐवजी नष्ट व्हायला लागतं आणि मेंदूला सूज येते. वेळेत बी१ टोचलं म्हणून दोन उठली, तिसरं गेलं. तिथं व्हिटॅमिननं जीव वाचवला, पण खड्डा मालकानंच खणला होता. शिळ्या भाकरी, पाव, हॉटेलचा भात यांच्या बाबतीतही हेच.

आता बाटलीतलं पहिलं अक्षर, ए. हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनपासून जनावर ते स्वतः बनवतं. शेळी त्यातलं जवळजवळ सगळं कॅरोटीन बदलून टाकते, म्हणून तिची चरबी आणि दूध पांढरंफेक. गाय थोडं तसंच सोडते म्हणून तिचं तूप पिवळसर. (चरबी पांढरी म्हणजे चारा निकस, असं एका गिऱ्हाइकानं मला छातीठोक सांगितलं होतं. बोकडाची चरबी पांढरीच असायला हवी.) ए यकृतात साठतं आणि दोन-तीन महिने पुरतं. पावसाळाभर हिरवं खाल्लेलं बोकड दिवाळीपर्यंत त्या शिलकीवर सहज निघतं. नुसत्या कडब्यावर, सोयाबीनच्या किंवा हरभऱ्याच्या भुसकटावर महिनोन्महिने असलेल्या बोकडाला मात्र खड्डा पडतो. केस राठ होतात, डोळ्यांतून पाणी गळतं, संध्याकाळी ठेचकाळत चालतं, सारखा खोकला. अशा बोकडाला ए द्यायलाच हवं. ते बरं होईल, वाढेल. मटणाची चव मात्र त्यानं सुधारत नाही. उलट जपानमध्ये वाग्यू जातीच्या गुरांना वाढीच्या मधल्या काळात ए मुद्दाम कमी देतात, कारण ए जास्त असलं की मांसाच्या धाग्यांमध्ये साठणाऱ्या चरबीच्या पेशी तयार व्हायला अडथळा येतो. त्यात जनावर आंधळं होण्याचा धोका असतो, आणि आपल्या बोकडाला त्याचा उपयोगही नाही. बोकडाची चरबी धाग्यांत फारशी जातच नाही, पोटात आणि गुर्द्याभोवती बसते. ते प्रयोग गोठ्यावर करू नका.

दुसरं अक्षर डी३. 'मटण मऊ होतं' ही जाहिरात कुठून आली त्याचं मूळ इथं आहे आणि ते अगदीच खोटं नाही. जनावर कापल्यावर मांसात कॅल्पेन नावाचं एक एन्झाइम धाग्यांची वीण हळूहळू सैल करतं. त्याला काम करायला कॅल्शियम लागतं. डी३ रक्तातलं कॅल्शियम वाढवतं. मग कापण्याआधी आठवडाभर भरमसाट डी३ दिलं तर मांस मऊ पडेल, असा तर्क लढवून अमेरिकेत मांसाच्या गुरांवर प्रयोग झाले. डोस किती? जनावरामागे रोज ५० लाख युनिट किंवा त्याहून जास्त. काही प्रयोगांत मांस थोडं मऊ निघालं, काहींत फरकच पडला नाही. जनावरांनी खाणं कमी केलं आणि डी३ यकृतात, गुर्द्यात साठून राहिलं. आपल्याकडे कलेजी कोण खातं? घरातलं लहान पोर आणि बाळंतीण, कारण 'रक्त वाढतं'. तेव्हा बोकड मऊ करण्यासाठी डी३ चा मारा हा विषय माझ्याकडे बंद आहे. बाटलीवर लिहिलेल्या नेहमीच्या डोसानं अपाय होणार नाही, पण त्या डोसानं कॅल्पेनलाही काही कळत नाही.

राहिलं ई. मांसाशी याचं खरंच नातं आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

मटणाचा लाल रंग मायोग्लोबिन नावाच्या पदार्थाचा. ताजं कापल्यावर तो जांभळट असतो, हवा लागली की लालचुटुक होतो, आणि पुढे हवेतल्याच ऑक्सिजननं गंजल्यासारखा तपकिरी पडतो. त्याच वेळी धाग्यांच्या आवरणातली चरबीही हवेनं खवट व्हायला लागते, आणि ही दोन्ही कामं एकमेकांना ढकलत नेतात. ई हे चरबीत विरघळणारं. जनावरानं खाल्लं की ते त्याच आवरणात जाऊन बसतं आणि जनावर गेल्यावरही तिथं पहारा देत राहतं. रंग उशिरा फिरतो, खवटपणा उशिरा येतो. पोट भरण्यापुरतं ई मिळालं तरी पहारेकरी कमीच असतात, गरजेपेक्षा जास्त दिलं तर ते मांसात आणखी साठतं. म्हणून मी त्याला अपवाद म्हटलं. यावरची मोठी कामं १९८०-९० च्या दशकांत अमेरिकेत झाली. तिथं गुरांना रोज ५०० युनिट ई शेवटचे सुमारे १०० दिवस दिलं की दुकानातल्या काचेमागे मांसाचा रंग जास्त दिवस टिकतो, हे दिसून आलं. मेंढीच्या कोकरांवरही तसेच निष्कर्ष आले.

पण भाऊ, 'काचेमागे जास्त दिवस' हे शब्द नीट ऐका. तिकडे मांस चकतीत कापून, पारदर्शक कागदात गुंडाळून, थंड कपाटात तीन-चार दिवस विकायला असतं. तपकिरी पडलं की गिऱ्हाईक हात लावत नाही, दुकानदाराचा तोटा. आपल्याकडे काय होतं? रविवारी पहाटे बोकड कापलं, सहाला आकड्याला टांगलं, दहाला संपलं, एक वाजता तांबडा-पांढरा पानात. ज्या मटणाला चार तास आयुष्य आहे, त्याचा रंग चार दिवस टिकवून करायचं काय? २०१९ च्या शेवटी मटणाच्या दरावरून आंदोलन करणारं कोल्हापूर, ते टिकाऊपणाचे जादा पैसे तुम्हाला देणार नाही.

मग ई कुणाला कामाचं? जो बोकड कापून, पाकिटात बांधून पुण्या-मुंबईला थंड गाडीनं पाठवतो त्याला. जो मटण गोठवून महिनाभर ठेवतो त्याला. आणि एक तिसरा उपयोग आहे, शिळ्या रश्श्याचा. काल केलेलं मटण आज गरम केलं की एक बिघडलेल्या तेलासारखा वास येतो ना, तो शिजलेल्या चरबीच्या खवटपणाचाच. मांसात ई भरपूर असेल तर तो कमी येतो. पण कुणी खाटकाकडे जाऊन म्हणत नाही, 'उद्याच्या रश्श्याला चांगलं लागेल असं द्या.'

आणि समजा ई हवंच आहे, तर ते बाटलीतच असतं असं नाही. हिरव्या गवतात, पाल्यात ते भरपूर असतं. चारा उन्हात वाळला की झपाट्यानं उडतं, वर्षभर रचून ठेवलेल्या कडब्यात नावाला उरतं. बाभळीचा, शेवरीचा, हादग्याचा पाला, लसूणघास, हत्तीगवत रोज पोटात जात असेल तर बोकडाच्या मांसात ई आपोआप चांगलं असतं. पावसाळ्यात माळावर चरणाऱ्या धनगराच्या मेंढरांना कुणी व्हिटॅमिन पाजत नाही, तरी त्यांच्या मांसात ई ची ददात नसते. हंगामात तुम्ही उसाचं वाडं टाकत असाल, तर ते हिरवं आहे म्हणून चालतं, पण त्यातला ऑक्झॅलेट नावाचा क्षार कॅल्शियम बांधून ठेवतो. वाड्याबरोबर खनिज मिश्रण आणि थोडा द्विदल चारा हवाच.

आता तुमच्या 'काळपट' या तक्रारीकडे. खाटकाला एकच प्रश्न विचारा. मटण कापल्याकापल्या काळपट असतं, की आधी लाल असून नंतर पडतं?

नंतर पडत असेल तर तो वरचा हवेचा खेळ. दुकानात वारा, ऊन, पंखा असला की वरचा थर सुकूनही काळा दिसतो. ओलं स्वच्छ फडकं आणि सावली हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय, ई त्यानंतर. पण कापल्याकापल्याच गडद, चिकट, हाताला कोरडं लागणारं मटण असेल, तर ते ई चं काम नव्हे. ते बोकड कापण्याआधीच थकलेलं होतं.

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि याकडे कुणी बघत नाही. जिवंत बोकडाच्या स्नायूत ग्लायकोजेन म्हणजे साखरेचा साठा असतो. कापल्यावर तो साठा आम्लात बदलतो आणि मांसाचा पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) सातच्या आसपासून साडेपाचाच्या घरात उतरतो. ते आम्ल मांसाला लाल ठेवतं, टिकवतं, चव देतं. बोकड आदल्या दिवसभर उपाशी, गाडीत कोंबलेलं, अनोळखी बोकडांशी झुंजलेलं, रात्रभर ओरडत उभं राहिलेलं असेल तर साठा आधीच संपतो. आम्ल तयारच होत नाही, पीएच सहाच्या वर अडकतो. मटण गडद, चिकट, लवकर नासणारं. शेळी मुळातच घाबरट, तिच्यात हे फार होतं. माझ्याकडे पीएचच्या कागदी पट्ट्या असतात. तक्रार आलेल्या मटणावर पट्टी लावली की दहातल्या निम्म्या वेळा भांडण खाद्याचं नसून गाडीचं निघतं.

कागलहून कोल्हापूर अर्ध्या तासाचं. पण तुमचा माल थेट जातो, की गाडीवाला वाटेत चार गावं करून, सगळी बोकडं एकत्र टाकून, शनिवारी संध्याकाळी उचलून रविवारी पहाटेपर्यंत कुठंतरी बांधून ठेवतो? पाणी देतो का? जनावराचा हा साठा एकदा संपला की रात्रभराच्या विश्रांतीनं भरत नाही, दोन-चार दिवस नीट खाणं लागतं. म्हणून तो संपू न देणं एवढंच आपल्या हातात. शेवटचे आठ-दहा दिवस मक्याचा भरडा हळूहळू वाढवत न्या (एकदम वाढवलात तर पोटफुगी आणि आम्लता, मग मलाच फोन कराल), गाडीत एकाच कप्प्यातली ओळखीची बोकडं घाला, पाणी शेवटपर्यंत ठेवा.

थोडक्यात इथवर: ए आणि डी३ खड्डा असेल तरच, ई मांस साठवून विकायचं असेल तर, आणि काळपटपणाचं कारण बहुधा गाडीत.

वातडपणा. पहिला संशयित वय. बोकडाचा ओठ वर करून दात बघा. आदत, म्हणजे सगळे दुधाचे दात, तोवर वय साधारण वर्ष-सव्वा वर्षाच्या आत. दोन दाती झालं की वर्ष उलटलेलं, चार दाती म्हणजे दोनच्या घरात. वयाबरोबर स्नायूचे धागे बांधून ठेवणाऱ्या कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाच्या जाळ्या पक्क्या होतात, शिजवून विरघळत नाहीत. दर चांगला मिळेल म्हणून २५ किलोचं बोकड ३५ किलोपर्यंत रेटत ठेवलंत, तर वजन मिळालं आणि कोवळेपणा गेला. व्हिटॅमिनचा वातडपणाशी संबंध असलाच तर असा वळसा घालून आहे. जंत, ए चा खड्डा, खनिजांची उणीव यांनी वाढ खुंटलेलं बोकड २५ किलोला दीड वर्षानं पोहोचतं, निरोगी बोकड आठ-दहा महिन्यांत. दोघांचं वजन काट्यावर सारखंच, पण कुकरच्या शिट्ट्या वेगळ्या.

दुसरा संशयित घड्याळ. कापल्यावर काही तासांनी स्नायू आखडतात. त्याआधी, म्हणजे तासा-दोन तासांत मटण चुलीवर गेलं तर ते मऊ शिजतं. सकाळी सातला आणून दुपारपर्यंत ओट्यावर ठेवून मग शिजवलं तर ते ऐन आखडलेल्या अवस्थेत कढईत पडतं. सगळ्यात वाईट म्हणजे गरम मटण आणल्याआणल्या फ्रीजरमध्ये टाकणं. स्नायू आखडण्याआधीच एकदम थंड झाला तर तो इतका आवळतो की नंतर काही केलं तरी चामड्यासारखा लागतो. बोकडाचा सांगाडा लहान, वरून चरबीचं पांघरूण पातळ, म्हणून त्याला हे लवकर बाधतं. एक-दोन दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून शिजवलं तर कॅल्पेन आपलं काम करतं आणि मटण पुन्हा मऊ होतं. पण कोल्हापुरात फ्रीजमधलं मटण म्हटलं की सासू सुनेकडे बघते.

वास. हा तुमच्या गोठ्यातला प्रश्न आहे असं मला खात्रीनं वाटतं, कारण ४० बोकडांपैकी किती खच्ची केलीत ते तुम्ही लिहिलेलंच नाही. बोकडाचा उग्र वास चरबीतल्या काही विशिष्ट फाटे फुटलेल्या फॅटी ॲसिडचा असतो आणि नर वयात आला की तो वाढतो. तांबड्या रश्श्यात कांदा-लसूण मसाला तो झाकतो. पांढऱ्या रश्श्यात मात्र अळणी पाणी, नारळाचं दूध, तीळ-खसखस, लपायला जागाच नाही. म्हणून आपल्याकडचं गिऱ्हाईक या वासाला इतकं तिखट नाकाचं आहे. दोन-तीन महिन्यांच्या वयात करडं डॉक्टरकडून रीतसर, भूल देऊन खच्ची करून घ्या. खच्ची बोकडाची वाढ किंचित सावकाश होते आणि चरबी थोडी जास्त येते, हा त्यातला तोटा. ईदसाठी किंवा देवाच्या बोकडासाठी पाळत असाल तर आधी गिऱ्हाइकाला विचारा, काहींना खच्ची चालत नाही. खच्ची न केलेली असतील तर वयात यायच्या आत विका, आणि माज दाखवणारी मोठी बोकडं बाकीच्यांपासून दूर बांधा. चाऱ्याचाही थोडा हात असतो. नुसता कोवळा लसूणघास भरपूर खाणाऱ्या मेंढरांच्या मांसाला वास जास्त येतो. शेवटचे दोन-तीन आठवडे त्याचा वाटा कमी करून वाळला चारा आणि भरडा वाढवला तर फरक जाणवतो.

तरीही तुम्ही पाकीटबंद मटणात उतरणार असाल, तर ई चा हिशेब देऊन ठेवतो. मांस टिकाऊ करण्यासाठी कोकरांना वजनाच्या किलोमागे रोज सुमारे १० युनिट धरतात. २५ किलोच्या बोकडाला रोज २५० युनिट. बाजारात ५० टक्क्यांची ई पावडर मिळते, तिच्या एका ग्रॅममध्ये ५०० युनिट असतात. म्हणजे बोकडामागे रोज अर्धा ग्रॅम, ६० दिवसांत ३० ग्रॅम, ४० बोकडांना मिळून १ किलो २०० ग्रॅम. अर्धा ग्रॅम ४० तोंडांत सारखा वाटायचा तर ती आधी किलोभर भरड्यात, मग तो भरडा पूर्ण खुराकात असं दोन टप्प्यांत मिसळा. पंधरा दिवस पाजून थांबण्यात अर्थ नाही, मांसात साठायला आठवडे लागतात. आणि 'ए डी३ ई'च्या बाटलीतून एवढं ई द्यायला जाल तर त्याबरोबर ए आणि डी३ भलतंच पोटात जाईल. म्हणून ई एकटंच घ्या.

पिशवीवरचा आकडा पिशवीत असतोच असं नाही, हेही लक्षात ठेवा. उन्हात तापलेल्या पत्र्याखाली, पावसाळी दमटपणात, तोंड उघडं ठेवलेल्या पिशवीत व्हिटॅमिन मरतं. तांबं, लोह असलेल्या खनिज मिश्रणात आधीच कालवून महिनोन्महिने ठेवलं तर आणखी लवकर. खडे बांधले असतील तर ती पिशवी परत करा. पुढेमागे माडग्याळ मेंढ्या आणल्यात तर एक पक्कं ध्यानात धरा, गाईचं खनिज मिश्रण मेंढीला घालायचं नाही. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साचतं आणि एके दिवशी धडधाकट मेंढी लाल लघवी करून आडवी होते. ई बरोबर सेलेनियम हे खनिज असलेली औषधंही स्वतःच्या मनानं देऊ नका. करडं जन्मल्यावर मागच्या पायांत ताठ, उठता न येणारी दिसली तर सेलेनियम-ई ची कमतरता असू शकते आणि तिथं ते औषध जादूसारखं लागू पडतं. पण सेलेनियमचा उपयोगी डोस आणि विषारी डोस यात अंतर थोडंच असतं.

टोचायचंच झालं तर मांडीत टोचू नका, मानेच्या कातडीखाली द्या. तेलकट इंजेक्शनची गाठ राहते, आणि खाटीक नेमकी मांडी उघडल्यावर ती गाठ गिऱ्हाइकासमोर निघते.

ब्रॉयलरवाल्या कुणी हे वाचलं तर त्यांचं गणित थोडं वेगळं आहे. कोंबडीच्या पोटात रवंथाचे सूक्ष्मजीव नाहीत, तिला बी सकट सगळं खाद्यातूनच लागतं, म्हणून तयार खाद्यात प्रिमिक्स, म्हणजे व्हिटॅमिनांचं तयार मिश्रण, असतंच. वरून टॉनिक ओतायची गरज सहसा नसते. पण कोंबडीची चरबी मऊ, लवकर खवट होणारी, त्यामुळे गोठवून विकणाऱ्याला जादा ई चा फायदा बोकडापेक्षा स्पष्ट दिसतो. आणि सुकटीची भुकटी खाद्यात असेल तर शेवटच्या दोन आठवड्यांत ती काढा, नाहीतर रश्श्याला माशाचा वास येतो आणि दोष मसाल्यावर जातो.

भाऊ, बाटली तूर्त फडताळात ठेवा आणि येत्या खेपेला एवढं करून बघा. एकाच कप्प्यातली, एकाच वयाची, आदत असलेली दोन बोकडं निवडा. एक नेहमीसारखं गाडीवाल्याबरोबर शनिवारी संध्याकाळी पाठवा. दुसरं रविवारी पहाटे स्वतः घेऊन जा, गाडीत एकटं नको, ओळखीचं जोडीदार बोकड बरोबर घ्या आणि त्याला परत आणा. खाटकाला कोणतं कुठलं ते सांगू नका. दोन्ही मांड्यांचा रंग त्यालाच बघू द्या, मग दोन्हींचे चार-चार तुकडे नुसतं मीठ-हळद घालून अळणी शिजवायला सांगा आणि दोन वाट्यांतलं पाणी त्याला प्यायला लावा. तो काय म्हणाला ते, किती बोकडं खच्ची आहेत आणि सध्या वैरणीत नेमकं काय पडतंय, एवढं कळवा. ई घ्यायचं की नाही ते त्यावर ठरवू.